हातात बसेल तेच घे

अगं, आधी ते घड्याळ परत कर. मुदत संपायच्या आत. बाकीचं आपण निवांत बोलू.

सुई न टोचता, नुसतं मनगटावर बांधून साखर कळते असं त्याच्या खोक्यावर लिहिलंय ना? तिथेच पाणी मुरतंय. मनगटाखालच्या त्या हिरव्या उजेडानं नाडी मोजता येते. साखर मात्र त्या रीतीनं भरवशानं मोजणं अजून कुणाला जमलेलं नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना उघड बजावलं होतं की कातडीला न टोचता स्वतःहून साखर सांगणारं एकही स्मार्टवॉच किंवा स्मार्ट अंगठी आम्ही मंजूर केलेली नाही. दंडावर सेन्सर लावलेला आहे आणि घड्याळ फक्त त्याचा आकडा दाखवतंय, ही गोष्ट वेगळी. तुझं घड्याळ तसं नाही. आणि तू नुसती मेटफॉर्मिन घेत असतीस तर मी एवढी मागे लागले नसते. तुला ग्लिमेपिराइड आहे, त्यानं साखर खाली जाऊ शकते. खरी साखर ६० आणि घड्याळ ११० दाखवतंय, म्हणून तू न खाता तसाच पुढचा तास घ्यायला वर्गात गेलीस, तर? पैसे गेले तर गेले. हा धोका कशाला?

तुला सल्ले देणारे खूप आहेत, हे मला माहीत आहे. गोव्यात राहतेस, तिथे हा आजार घरोघरी. २०२३ साली आयसीएमआर-इंडियाबचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात देशात १० कोटींवर मधुमेही निघाले आणि सगळ्या राज्यांत गोवा पहिला, २६.४ टक्के. म्हणजे प्रौढांमध्ये चारातला एक. मग स्टाफरूममध्ये एक जण एक ॲप सांगणार, दुसरी दुसरं, आणि पुतण्या अंगठी दाखवणार. तुझ्या फोनवर पाच ॲप आहेत आणि पाचांपैकी एकही तू गेल्या आठवड्यात उघडलेलं नाहीस, असं तू फोनवर म्हणालीस तेव्हा आवाजात अपराधीपणा होता. तो मला अजिबात आवडला नाही. जे यंत्र सात वाजता डबा करणाऱ्या, आठला शाळेत पोचणाऱ्या बाईच्या दिवसात बसत नाही, ते त्या बाईसाठी नीट बनवलेलंच नाही. तू आळशी आहेस, तुला शिस्त नाही, असं काही मनात आणू नकोस. यंत्र काय काय करू शकतं हे विचारू नकोस. मी दमलेली असताना, हात ओले असताना, चष्मा दुसऱ्या खोलीत असताना मी हे वापरीन का, एवढं विचार.

मनगटावरच्या साखरेची हौस जुनी आहे बरं का. २००१ साली अमेरिकेत ग्लुकोवॉच नावाचं घड्याळ रीतसर मंजूर झालं होतं. बारीकसा विजेचा प्रवाह सोडून ते कातडीतून द्रव ओढून घ्यायचं आणि त्यातली साखर मोजायचं. कल्पना फार हुशारीची. पण बांधल्यावर तीन तास थांबायचं, मग बोटाला टोचून आकडा जुळवून द्यायचा, घाम आला की मोजणी चुकायची आणि मनगट लाल होऊन खाज सुटायची. लहान मुलांवर त्याची नीट चाचणी झाली, तेव्हा महिन्यामागून महिने मुलं ते कमी कमी वापरत गेली आणि साखरही सुधारली नाही. काही वर्षांत ते बाजारातून गेलं. त्यातलं विज्ञान खोटं नव्हतं, पण माणसाच्या अंगावर ते टिकलं नाही.

तर सुरुवात साध्या ग्लुकोमीटरनं कर. नाक मुरडू नकोस. चांगल्या मीटरसाठी जागतिक मानक असं आहे की १०० च्या वरचे ९५ टक्के आकडे प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत यायला हवेत. म्हणजे तुझा १६० हा १४५ ही असू शकतो आणि १७५ ही. लागोपाठ दोनदा टोचून वेगळे आकडे आले म्हणून मीटर बिघडलं असं समजू नकोस, आणि दहा-पंधराचा फरक मनाला लावून घेऊ नकोस. हात मात्र साबणानं धुऊन पुसायचे. आंबा कापून तशीच टोचलीस तर बोटावरच्या आंब्याची साखर मोजली जाईल. टोचायचं ते बोटाच्या टोकाला नाही, कडेला. तिथे कमी दुखतं आणि दुसऱ्या दिवशी पेपर तपासताना पेन टोचत नाही. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लाव. तुमच्याकडच्या पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या पट्ट्या दमट होतात आणि काहीही आकडे देतात.

आणि तुझ्या भाच्यानं लंडनहून पाठवलेलं मीटर वापरू नकोस. पोरानं मायेनं पाठवलंय, पण तिकडची एककं वेगळी. त्यात ६.२ दिसेल. त्याला १८ नं गुणलं की आपले ११२ येतात. दिवसा तू तो हिशेब करशील, पण हातपाय थरथरत असताना पडद्यावर ३.१ दिसलं तर डोकं चालेल का? तेव्हा आकडा बघताक्षणी कळला पाहिजे.

रोज सकाळी उपाशीपोटी एकदा टोचून मीटर ठेवून देऊ नकोस. त्यातून तुला फार काही कळणार नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा जोडीनं बघ. जेवणाआधी एक आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एक. एका वेळी एकच गोष्ट धर. एकदा पोदेराकडची पोई आणि भाजी, एकदा उकड्या तांदळाचा भात आणि हुमण, एकदा एकादशीची साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ, त्यामुळे उपासाच्या दिवशी आकडा चढलेला दिसला तर घाबरू नकोस. दाण्याचं कूट वाढव, खिचडी निम्मी कर, वर दही घे, जेवून पंधरा मिनिटं अंगणात फेऱ्या मार आणि पुढच्या एकादशीला पुन्हा बघ. असं बघत गेलीस की आकडा तुझ्या उपयोगाला येतो. नाहीतर वहीत नुसती रांग लागते.

आता सेन्सर. तुला त्याचीच उत्सुकता आहे, आणि मला त्याबद्दल मनापासून चांगलं बोलायचंय, कारण मी तो वापरते. दंडाच्या मागच्या बाजूला लावायची दहा रुपयांच्या नाण्याहून थोडी मोठी चकती. ॲप्लिकेटर टेकवून दाबला की खट् आवाज होतो, सुई आत जाते आणि लगेच बाहेर येते. कातडीखाली राहतो तो एक बारीक, लवचिक तंतू. दुखत नाही म्हटलं तरी चालेल. आपल्याकडे जो सर्रास मिळतो तो चौदा दिवस टिकतो. पहिला दिवस त्याच्या आकड्यांवर फार विसंबू नकोस, त्याला स्थिरावायला वेळ लागतो.

माहितीपत्रकात न लिहिलेल्या गोष्टी सांगते. ब्लाउजची बाही घट्ट असेल तर काढताना बाहीच्या शिवणीत अडकून सेन्सर उपटला जातो. ते चौदा दिवस सैल बाहीचे ब्लाउज किंवा कुर्ते घाल. पर्सचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर घे. आंघोळीला हरकत नाही, पण पंच्यानं खसाखसा पुसायचं नाही, टिपायचं. लावण्याआधी दंडावर तेल, क्रीम, पावडर काही नको. स्पिरिटनं पुसून जागा पूर्ण वाळू दे. दिवाळीत अभ्यंगाच्या दिवशी नवा सेन्सर लावायला बसू नकोस, चिकटणार नाही. तुमच्या मे महिन्याच्या घामात कडा सुटतात, त्यासाठी वरून लावायची चिकटपट्टी मिळते, ती आधीच आणून ठेव. चिकटवलेल्या जागी पुरळ आलं तर हट्टानं चौदा दिवस काढू नकोस, काढून टाक आणि डॉक्टरांना सांग. आणि व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या गोळ्या खात असशील तर लक्षात ठेव, दिवसाला ५०० मिलिग्रॅमच्या वर गेलं की काही सेन्सर खोटा चढा आकडा दाखवतात. एमआरआय करायचा असेल तर तिथल्या लोकांना सेन्सर आहे म्हणून आधी सांग.

सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, हे नीट समजून घे, कारण पुढची सगळी गडबड इथूनच होते. तो मोजतो कातडीखाली पेशींच्या मधे जो द्रव असतो, त्यातली. रक्तात बदल झाला की तो तिथे पोचायला पाच ते पंधरा मिनिटं लागतात. साखर स्थिर असते तेव्हा दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात. भराभर चढत किंवा उतरत असेल तेव्हा नाही. म्हणून आकड्यापेक्षा त्याच्या शेजारचा बाण जास्त बघायचा. ११० आणि आडवा बाण म्हणजे खुशाल वर्गावर जा. ११० आणि सरळ खाली बाण म्हणजे आत्ता, उभ्या उभ्या, काहीतरी तोंडात टाक.

साखर ७० च्या खाली गेली तर काय करायचं ते डॉक्टरांनी तुला सांगितलंच असेल. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. सेन्सर लावणाऱ्यांचा घोटाळा इथेच होतो. साखर पोटात गेली, रक्तात चढायला लागली, पण सेन्सर मागे आहे. तो अजून ६२ च दाखवतोय. माणूस घाबरून आणखी साखर खातो, वर दोन लाडू, आणि तासाभरात २६०. म्हणून खाली गेल्यावरची फेरतपासणी बोट टोचूनच कर. आणि अंगाला घाम फुटलाय, छाती धडधडतेय, पण सेन्सर ९५ म्हणतोय, तर अंगाचं ऐक आणि बोट टोच. उलटंही होतं. रात्री त्याच कुशीवर झोपलं की दंड दाबला जाऊन सेन्सर खोटाच खालचा आकडा देतो. पहाटे तीनला ५५ चा गजर झाला आणि तुला अगदी ठणठणीत वाटत असेल, तर आधी कूस बदल, बोट टोचून बघ, मगच साखरेचा डबा उघड.

गजरांबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय. पहिल्या दिवशी ॲप जे गजर लावून देतं ते सगळे तसेच ठेवू नकोस. वरचा गजर १८० वर असेल तर पहिल्या आठवड्यात तो जेवणागणिक वाजेल, आणि दुसऱ्या आठवड्यात तू सगळेच गजर बंद करशील, खालचासुद्धा. तिसऱ्या शिट्टीला आपण गॅस बंद करतो, तसं प्रत्येक गजरामागे हातानं करायचं एक काम हवं. १८० ला तू काय करणार? काही नाही. मग तो गजर नको. २५० ला ठेव, तेव्हा पाणी पिऊन चालायला जा. पण ७० चा मात्र कधीही बंद करायचा नाही, आणि त्याहून खूप खालचा काही ॲप बंद करूच देत नाहीत.

तुझी अडचण अशी की तू शिक्षिका. वर्गात फोन सायलेंट. मग फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन हे ॲप ‘डू नॉट डिस्टर्ब’मधून वगळलंय का बघ. बॅटरी वाचवणारं सेटिंग असतं, ते मागे चालणारी ॲप गुपचूप बंद करतं. त्यातूनही हे ॲप वगळ. ब्लूटूथ चालू ठेव. फोन स्टाफरूममध्ये आणि तू दुसऱ्या मजल्यावर, असं असेल तर सेन्सर आणि फोनची गाठच पडत नाही. आणि फोनचं मोठं अपडेट आलं की आपोआप होऊ देऊ नकोस, त्यानंतर ॲप चालतं का याची आधी खात्री करून घे. हे माझ्या डोक्यातलं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये एफडीएनं यासाठीच खास इशारा दिला. फोनच्या सेटिंगमुळे साखरेचे गजर वाजलेच नाहीत आणि लोकांना गंभीर त्रास झाला, अशा तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. महिन्यातून एकदा सगळी सेटिंग उघडून बघायची त्यांची सूचना आहे. पगाराच्या दिवशी बघत जा, लक्षात राहील.

गजरावरून आठवलं. डाना लुईस नावाची एक अमेरिकन मुलगी, टाइप १ मधुमेह, सिएटलमध्ये एकटी राहायची. तिची झोप इतकी गाढ की सेन्सरच्या गजरानं तिला जागच यायची नाही, आणि आवाज वाढवायची सोय त्या यंत्रात नव्हती. त्याच सुमाराला, २०१३ मध्ये, न्यूयॉर्क राज्यात जॉन कॉस्टिक नावाच्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरनं आपल्या लहानग्याचा सेन्सर दूरवरून दिसावा म्हणून त्यातले आकडे इंटरनेटवर काढायची युक्ती शोधली होती. ती युक्ती डानानं मागून घेतली, आपल्या जोडीदाराच्या, स्कॉट लायब्रँडच्या मदतीनं मोठ्ठा गजर तयार केला, आणि तिथून पुढे सेन्सर बघून इन्सुलिन पंप आपोआप कमी-जास्त करणारी प्रणालीच उभी केली. २०१५ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली केली. एवढी मोठी गोष्ट सुरू कुठून झाली, तर गजर ऐकू येत नाही या साध्या तक्रारीतून. तुझ्या तक्रारीही तू अशाच बोलून दाखव. डॉक्टरांना सांग, कंपनीच्या हेल्पलाइनला सांग. ‘मलाच जमत नाही’ म्हणून गप्प बसू नकोस.

आईचं विचारलंस. तिला सेन्सर का लावला नाही, ॲप का शिकवलं नाही, असं तुला वाटतं. तिच्याजवळ बसून मी बघितलंय, म्हणून सांगते. इतक्या वर्षांच्या मधुमेहानं तिच्या बोटांची टोकं बधिर झालीत आणि कातडी कोरडी. ती फोनच्या काचेवर बोट ठेवते तेव्हा काचेला ते लागतच नाही. मग ती जोरात दाबते, बोट तिथेच राहतं, आणि ॲप उघडायच्या ऐवजी त्याचं चित्र थरथरायला लागतं. पांढऱ्यावर फिकट करड्या रंगातली अक्षरं तिला दिसत नाहीत, डोळ्यांच्या पडद्यावर लेझर झालेलं. आणि सगळं इंग्रजीत. ज्या आजारासाठी ॲप बनवलं तोच आजार बोटं आणि डोळे नेतो, हे बनवणाऱ्यांच्या ध्यानात कसं येत नाही याचा मला खरंच राग येतो. २०१४ साली जर्मनीतल्या संशोधकांनी मधुमेहाची ६५६ ॲप चाळली होती, पन्नाशीच्या पुढच्यांना ती झेपतात का हे बघायला. ज्या ॲपमध्ये सोयी जास्त, ती वापरायला जास्त अवघड, हेच त्यांना दिसलं. दुकानात मात्र आपण सोयींची यादी मोजून विकत घेतो.

म्हणून आईला मोठ्या आकड्यांचं मीटर घेतलं. ती टोचते, आकडा मोठ्यानं वाचते आणि कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकटीत स्केचपेननं लिहिते. महिना संपला की मी त्या पानाचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवते. तिला हे जमतं, रोज जमतं, आणि डॉक्टरांना हवं ते त्यातून मिळतं. तिला ॲप येत नाही म्हणून ती मागे राहिली, असं तिच्यासमोर चुकूनही बोलू नकोस.

खाण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपचं थोडक्यात सांगते. चपाती सापडेल, पण कुणाच्या मापाची? तुझी भाकरी माझ्या दोन भाकऱ्यांएवढी. आमटी, थालीपीठ, सोलकढी शोधत बसण्यात जेवण निवतं. ताटाचा फोटो काढ आणि सोडून दे. दोन तासांनंतरच्या आकड्याशेजारी तो फोटो ठेवलास की पुरे. आणि वजन-उंची घालून ॲपनं ‘नॉर्मल’ म्हटलं तर खूश होऊ नकोस. बरीच ॲप बीएमआय २५ पर्यंत ठीक धरतात. आपल्या लोकांसाठी २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. इथे पुण्यात केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेटमध्ये आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. तुझं कंबरेचं माप घे. ते ॲपपेक्षा खरं सांगेल. तुझं जुनं, पावलं मोजणारं घड्याळ मात्र ठेव. जेवणानंतरच्या फेऱ्यांसाठी ते उत्तम आहे.

आता एक नाजूक गोष्ट. सेन्सरचे आकडे घरच्यांच्या फोनवर दिसायची सोय असते. आईसारखी म्हातारी माणसं, लहान मुलं, एकटं राहणारं कुणी, यांच्यासाठी ती वरदान आहे. पण तू ती कुणाला द्यायची ते नीट विचार करून ठरव. सासूबाईंकडच्या बारशाला गेलीस, पेढा खाल्लास, आणि गाडीत बसेपर्यंत नवऱ्याचा मेसेज, ‘२१० झाली, काय खाल्लंस?’ त्यांचा जीव तुझ्यावर आहे म्हणूनच ते विचारतात. पण दहा वेळा असं झालं की अकराव्या वेळी तू सेन्सर काढून ठेवशील. कितीतरी बायकांचं असंच झालेलं मी पाहिलंय. म्हणून त्यांना आधीच सांग की खालचा गजर तुम्हाला येऊ दे, वरचा नको. ७० च्या खाली गेली आणि मी दहा मिनिटांत फोन उचलला नाही तर शाळेच्या ऑफिसात फोन करा. वरच्या आकड्यांचं मी आणि डॉक्टर बघू. मलाही हाच नियम लाव. मी ताई आहे म्हणून मला सगळे आकडे दिसलेच पाहिजेत असं नाही.

ॲप टाकताना ते काय काय मागतंय तेही बघ. साखर मोजायला तुझे कॉन्टॅक्ट कशाला हवेत? फुकट ॲपला तर अजिबात देऊ नकोस.

खर्चाचं म्हणशील तर एक सेन्सर चार-पाच हजारांच्या घरात जातो. तुला तो बारा महिने लावायची गरज नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तुझ्यासारखीनं वर्षातून एक-दोनदा चौदा दिवस लावला तरी पुष्कळ कळतं. चौदा दिवसांनी ॲपमधून एक पानाचा रिपोर्ट निघतो. सगळे दिवस एकावर एक ठेवून चोवीस तासांचा एकच आलेख केलेला असतो. मधली जाड रेघ म्हणजे तुझा नेहमीचा दिवस, भोवतीचा पट्टा जितका रुंद तितकी चढउतार जास्त. त्याची प्रिंट काढून डॉक्टरांसमोर ठेव, फोन पुढे करू नकोस. ओपीडीच्या गर्दीत तुझ्या फोनचा पडदा सरकवत बसायला त्यांना वेळ नसतो. त्यात ‘टाइम इन रेंज’ बघायची. ७० ते १८० च्या मधे दिवसाचा ७० टक्क्यांहून जास्त वेळ आणि ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी, असं २०१९ साली जगभरच्या तज्ज्ञांनी ठरवलं. आईच्या वयाला हे लागू नाही. तिला ५० टक्के पुरतात, पण ७० च्या खाली १ टक्काही नको, कारण पडली तर खुबा मोडेल. तुझं हिमोग्लोबिन कमी असतं, तेही डॉक्टरांना आठवणीनं सांग. लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, खोटी चढी येऊ शकते, तेव्हा सेन्सरचा हा रिपोर्ट जास्त कामाला येतो. आणि आलेख बघून गोळी स्वतःच्या मनानं कमी-जास्त करायची नाही हं, शप्पथ आहे तुला माझी.

लावायचाच ठरवलास तर चवथीच्या आधी पाच-सहा दिवस लाव. म्हणजे शाळेचे साधे दिवस आणि मोदक-नेवऱ्यांचे दिवस दोन्ही एकाच रिपोर्टात येतील. मी तेव्हा तिकडे येतेच आहे. दंडाच्या मागे स्वतःचा हात नीट पोचत नाही, मी लावून देईन. तू फक्त सैल बाहीचे दोन ब्लाउज शिवायला टाक, आणि ती वरची चिकटपट्टी मडगावात मिळत नसेल तर कळव. मी येताना पुण्याहून घेऊन येते.